चौथा भोंगा

लग्नाचं जेवण तयार झालं की बोलावणं येतं, आणि बोलावणं आल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. वरणगावच्या पुढे केळीच्या बागांत बुडालेल्या त्या गावात हा नियम कुणी घातला हे कुणाला ठाऊक नाही, पण मोडल्याचंही कुणाच्या ऐकिवात नाही. आवतन, म्हणजे निमंत्रण, आधी दिलेलंच असतं. ते चूलबंद असेल तर तान्ह्या पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांनी जेवायला जायचं आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. तरीही अख्खं घर धुतलेले कपडे घालून, केसांना तेल लावून, ओट्यावर उपाशी बसून राहतं. बट्टी तुपात पडल्याचं नाकाला केव्हाच कळलेलं असतं. पण नाकाची साक्ष ग्राह्य धरत नाहीत. कानाला कळावं लागतं. बोलावण्याआधी जो पंगतीत दिसला तो हावरट, आणि एकदा हावरट ठरला की त्याच्या नातवाच्या सोयरिकीतही तो विषय निघतो.

पूर्वी हे बोलावणं मगन न्हावी दारोदार फिरून करायचा. तो शेवटच्या घरी पोचेपर्यंत वांग्याची भाजी संपलेली असायची आणि त्यावरून भाऊबंदकी व्हायची. यावर तोड काढली ती चुडामणने. चुडामण वरणगावच्या फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन होता. निवृत्त झाल्यावर त्याने वर्गणी गोळा करून राममंदिरासाठी एक अँप्लिफायर आणि चार भोंगे आणवले, चार गल्ल्यांना चार, आणि मंदिरापासून प्रत्येक भोंग्यापर्यंत वायर स्वतःच्या हाताने ओढली. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने मंदिरातलं मशीन आपल्या मांडवात न्यायचं, मंदिरापर्यंतच्या चारही वायरी जोडायच्या आणि माइकवर 'जेवाले चाला' म्हणायचं. सगळं गाव एकदम उठतं. भाजीवरून होणारी भाऊबंदकी थांबली. इतर कारणांवरची चालू राहिली.

जळगावहून मशीन आणायला त्याच्याबरोबर सुपडू गेला होता. चुडामणने मशीन निवडलं, सुपडूने भाव केला. दोघांच्या दोस्तीत कामाची वाटणी शाळेपासून अशीच होती. एकाला वस्तूतलं कळायचं, दुसऱ्याला माणसातलं. चुडामणला माणसांशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा, म्हणून त्याच्या वतीने सुपडू बोलायचा. मागच्या दिवाळीत चुडामणच्या सुनंदासाठी धुळ्याचं स्थळ निघालं, तेव्हाही धुळ्याला सुपडूच गेला. सुनंदा भुसावळच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, मुलगा बँकेत, मुलाचे वडील बन्सीलालशेठ जातीतलेच पण धुळ्याला कापसाच्या जिनिंगच्या धंद्यात स्थिरावलेले. सगळं जुळण्यासारखं होतं. सुपडू तोंड पाडून परत आला. म्हणाला, "पत्रिका नाही जमत म्हने."

पुढे होळीच्या सुमारास तीच पत्रिका सुपडूच्या कुंदाशी जमली.

सुपडू त्या वेळी स्वतः येऊन चुडामणच्या ओट्यावर बसला होता. डोळ्यांत पाणी होतं. "त्यांनीच इषय काढला, चुडामण. मी काय बोलू? तू नाही म्हन, मी आत्ता नकार देतो." डोळ्यांत पाणी असलेल्या माणसाला नाही म्हणण्याची सोय चुडामणच्या स्वभावात नव्हती. तो म्हणाला, "कर. पोरीचं कल्यान होतं." त्याच्या बायकोने, बेबाबाईने, त्या दिवशी आत पितळी भांडी फार जोरात घासली.

आज त्या कुंदाचं लग्न होतं. आवतन द्यायला सुपडू भल्या सकाळी बायकोला घेऊन आला होता. चूलबंद आवतन, हळदीकुंकू, सगळं रीतसर. जाता जाता त्याने चुडामणला बाजूला घेतलं. "एक सांगू का? अक्षता टाकाले येऊ नको. लोक एकदा तुह्याकडे पाह्यतीन, एकदा नवरदेवाकडे. तुले नाही बरं वाटनार. जेवाले मात्र पह्यल्या पंगतीले, याह्याच्या, बन्सीलालशेठच्या शेजारी. मी सोता माइकवरून तुहं नाव घेऊन बोलावतो." चुडामणला हे इतकं आवडलं की त्याने ते बेबाबाईला दोनदा सांगितलं. मशीन एकदा तपासून देतो असंही तो म्हणाला होता, तर सुपडूने हात जोडले. "आज तू पाहुना. आमच्या गल्लीतला भिकन पाह्यतो मशीन."

तर चुडामण, बेबाबाई आणि सुनंदा असे तिघे सकाळपासून ओट्यावर पाहुणे होऊन बसले होते. मे महिन्याचं ऊन समोरच्या भिंतीवरून खाली उतरत होतं. गल्लीच्या तोंडाशी रेशन दुकानाच्या धाब्याच्या सपाट छतावर चौथा भोंगा होता, तो सकाळपासून मुका होता. सनई नाही, मंगलाष्टका नाहीत. दुसऱ्या गल्ल्यांतून वाऱ्यावर काहीतरी येत होतं. मग एकदा लांबून 'चाला, चाला' असं ऐकू आल्यासारखं झालं.

"बोलावलं वाटतं," सुनंदा म्हणाली.

"ते खालच्या गल्लीचं बोलावनं," चुडामण म्हणाला. "आपलं इकडून येईन." आणि त्याने भोंग्याकडे बोट केलं. भोंगा त्याच्याकडे बघत राहिला.

थोड्या वेळाने शेजारचा झिपरू बायकापोरांसह बाहेर पडला. मग त्याच्या पलीकडचं घर. मग समोरचं.

"कुठी निंगालास रे?" चुडामणने विचारलं.

"जेवाले, नाना. मगन सांगून गेला ना."

"मगन? तोंडी?"

"हाव. भोंगा बिघडला म्हने या गल्लीचा."

झिपरू गेला. चुडामणचा चेहरा उजळला. "पाह्य. भोंगा बिघडला हे सुपडूच्या लगेच ध्यानात आलं. मगनले धाडला. याले म्हनतात येवस्था."

"मंग मगन आपल्याच दारावरून काहून गेला?" बेबाबाई म्हणाली. "पाय तं दोन्ही धड हायेत त्याचे."

"आपलं बोलावनं सुपडू सोता करनार हाये. त्याच्यात मगनचं काय काम?"

"मंग करा ना म्हनाव."

"कसं करीन? भोंगा बंद हाये."

बेबाबाईने पदराने तोंड पुसलं. घाम पुसला की हसू, हे चुडामणला दिसलं नाही, कारण तो विचारात पडला होता. त्याला आता स्पष्ट दिसत होतं की तिकडे मांडवात सुपडू माइक हातात धरून, घशाच्या शिरा ताणून त्याचं नाव घेतो आहे, पुन्हा पुन्हा घेतो आहे, आणि ते नाव वायरीत कुठेतरी अडकून पडलं आहे. हे त्याला बघवेना. तो आत जाऊन पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, चिकटपट्टी आणि तीन सेलची बॅटरी घेऊन आला.

"धोतर नवं हाये," बेबाबाई म्हणाली.

"दोस्त नवा नाही," चुडामण म्हणाला आणि स्वतःच्या बोलण्यावर खूश होऊन निघाला. सुनंदा मागोमाग निघाली. वस्तू बिघडली की आपल्या आबांच्या चालण्यात येणारा उत्साह तिला माहीत होता.

भोंगा बिघडला म्हणजे काय बिघडलं, हे शोधायची चुडामणची एक रीत होती. शेवटाकडून सुरुवात करायची. आधी भोंगा, मग जोड, मग वायर, मग मशीन. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: इथून पुढे सगळं ठीक आहे ना? ठीक असेल तर दोष मागे आहे. फॅक्टरीत त्याने सगळी नोकरी या एका प्रश्नावर काढली होती, आणि माणसांना तो प्रश्न विचारावा असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

तो शिडी लावून धाब्यावर चढला. भोंग्याच्या वायरी सोडवल्या आणि बॅटरीतले सेल काढून त्यांचा करंट भोंग्याला क्षणभर लावला. भोंगा 'खट्' म्हणाला. पुन्हा लावला, पुन्हा 'खट्'. जिवंत होता. भोंग्याचा दोष नव्हता.

वायरी परत जोडून तो खाली उतरला आणि सुनंदाला म्हणाला, "तू इठीच थांब. मी पुढच्या जोडापाशी जाऊन सेल लावतो. भोंग्यातून आवाज आला की हात वर कर."

पुढचा जोड पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर होता. खारी नेहमी तिथेच वायर कुरतडत. पण जोड धडधाकट निघाला, त्याने स्वतः मारलेल्या पिळासकट. त्याने तो उकलून सेल लावले. आवाज एवढासा होणार होता आणि गिरणीपुढे एक ट्रॅक्टर धडधडत उभा होता. तरी रेशन दुकानापाशी सुनंदाचा हात लगेच वर गेला. त्याने जोड पुन्हा बांधला आणि पुढे गेला.

नंतरचा जोड मंदिराच्या मागच्या खांबावर. इथून गल्लीचं तोंड लांब दिसत होतं आणि सुनंदा निळ्या साडीचा ठिपका झाली होती. सेल लावले. ठिपक्यातून हात वर आला. म्हणजे मंदिरापासून भोंग्यापर्यंत सगळं ठीक होतं. दोष मागे होता, आणि मागे आता फक्त मांडव उरला होता.

इथे चुडामण थबकला. वायर सरळ मांडवात जात होती आणि त्याला मांडवाचं बोलावणं नव्हतं. पाहुणा म्हणून आत पाऊल टाकलं तर हावरट. त्याने थोडा विचार केला, डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि स्क्रू-ड्रायव्हर सगळ्यांना दिसेल असा हातात धरला. आता तो पाहुणा नव्हता, दुरुस्तीवाला होता. दुरुस्तीवाल्याला बोलावणं लागत नाही.

मांडवात पहिली पंगत केळीच्या पानांवर बसली होती. वरण-बट्टीचा वास इतका दाट होता की चुडामणने श्वास धरला. पडद्यामागे पत्र्याच्या पेटीवर मशीन होतं आणि मशीनपाशी भिकन तंबाखू मळत बसला होता. चुडामण त्याच्याशी न बोलता मशीनच्या मागे वाकला. तीन वायरींची टोकं स्क्रूखाली घट्ट आवळलेली होती. चौथी बाहेर लोंबत होती. तिची दोन्ही टोकं काळ्या चिकटपट्टीने नीट, वेगवेगळी गुंडाळलेली होती.

चुडामणने आयुष्यात तुटलेल्या वायरी पुष्कळ पाहिल्या होत्या. स्वतःला पट्टी बांधून घेणारी पहिल्यांदाच पाहिली.

"भिकन, हे कोनी काढली?"

"मीच, नाना. सुपडूभाऊनं सांगतलं. त्या गल्लीत कोनी आजारी हाये, आवाज सहन नाही होत."

"कोन आजारी हाये?"

भिकनने तंबाखू तोंडात टाकली आणि अवघडून वर पाहिलं. "तुमच्याच घरी म्हने. म्हून मगनलेबी सांगतलं होतं, तेवढं एक दार सोडून दे. त्यायले तरास नको." मग तो काळजीने म्हणाला, "कसं हाये आता?"

चुडामण उठून उभा राहिला. सगळ्या गोष्टी मशीनपासून उलट्या दिशेने त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या: मगन, भोंगा, 'आज तू पाहुना', 'अक्षता टाकाले येऊ नको'. प्रत्येक जोड धडधाकट होता. तरी हे कशासाठी, ते त्याला कळेना. त्याला पंगतीत येऊ द्यायचं नव्हतं हे दिसत होतं, पण तो पंगतीत येऊन करणार काय होता? जेवला असता.

तेवढ्यात पडदा सरला आणि पंगतीत बसण्याआधी जरा टेकायला म्हणून बन्सीलालशेठ आत आले. अंगात रेशमी सदरा, गळ्यात उपरणं. धुळ्याला इतकी वर्षं काढल्यामुळे त्यांच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' शिरला होता आणि तो काढायची त्यांना गरज वाटत नव्हती.

"चुडामणभाऊ शे ना? वळखलं मी. सुपडूभाऊ म्हने तुमी येनार नाही. आलात, फार बरं वाटलं." त्यांनी चुडामणचा स्क्रू-ड्रायव्हरवाला हात दोन्ही हातांत घेतला. "आमच्या मनात काही नाही बरं. पोर कशी शे तुमची? कानाचा काही इलाज झाला का?"

"कानाचा?"

"एका कानानं बिलकुल ऐकू येत नाही ना तिले. सुपडूभाऊनं पह्यल्याच भेटीत सांगून टाकलं. त्याचे डोये भरून आलते. म्हने, दोस्ताची पोर शे, पन तुमाले फसवनार नाही. असा मानूस आजकाल भेटत नाही, चुडामणभाऊ. मंग आमीच म्हनलं, तुमच्या घरात पोर शे का?"

चुडामणने हात सोडवून घेतला. तो सुनंदाच्या कानाचा विचार करत नव्हता. तो सुपडूच्या डोळ्यांचा विचार करत होता. धुळ्यालाही ते भरून आले होते.

पडद्याच्या फटीतून पंगत दिसत होती. सुपडू तुपाची चरवी घेऊन वाढत वाढत येत होता, प्रत्येकाला नाव घेऊन आग्रह करत. पडद्यापाशी आला, आत नजर गेली आणि चरवीतली पळी हवेत राहिली. ज्याच्या पानावर ती धरली होती तो बिचारा तुपाची वाट बघत राहिला.

"शेठ," चुडामण म्हणाला, "माह्या पोरीचे दोन्ही कान चांगले हायेत. जनमापासून."

आवाज चढला नव्हता. भिकनने मात्र तंबाखू चघळायचं थांबवलं.

बन्सीलालशेठनी चुडामणकडे पाहिलं, मग फटीतून सुपडूकडे पाहिलं. धंद्यातला माणूस. कापसात ओल निघाली तर गाडी परत फिरवायची की जिनिंगला लावायची, हे ते वजनकाट्यापाशी उभ्या उभ्या ठरवत आले होते. पण इथे अक्षता पडून गेल्या होत्या. बाहेर त्यांचा मुलगा बायकोला घास भरवत होता आणि बायका त्याला नाव घ्यायला लावत होत्या.

"असं शे का," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "चला, बरंच झालं. पोरीची चिंता मिटली." त्यांनी उपरणं सारखं केलं आणि पडदा सारून ते बाहेर गेले. जाताना सुपडूच्या खांद्यावर त्यांनी थोपटलं. रागाने थोपटलं की कौतुकाने, हे सुपडूलाही नक्की कळलं नसावं.

सुपडू आत आला. चरवी त्याने मशीनवर ठेवली. चुडामणने ती उचलून खाली ठेवली, कारण मशीनवर तूप सांडलं असतं.

"चुडामण, आयक."

"पत्रिका पाह्यली होती का कोनी?"

"नाही." सुपडूने घाम पुसला. "तू मले इचार, मी काय वाईट सांगतलं? लोक मोडायले काय काय सांगतात. मी तिच्या चालीवर एक शब्द नाही बोललो. घरान्यावर नाही बोललो. निस्ता कान सांगतला, तोबी एकच. तुही पोर हाये म्हून एकच."

हे तो मनापासून बोलत होता. चुडामणला तेच जड गेलं. सुपडूचे डोळे आता भरून यायला लागले होते, आणि आपण ते आयुष्यभर कसे बघत आलो, हे त्याला आठवेना.

"तुही बी.एस्सी. हाये. तिले कोनीबी करीन. माही कुंदा दोनदा म्याट्रिकले बसली. तू बाप हायेस, तुले समजत नाही का?"

"मले बोलावलं असतं तं मी जेवून घरी गेलो असतो," चुडामण म्हणाला. "एक शब्द नसतो बोललो."

"तू नसता रे बोलला. शेठ बोलले असते ना. बोललेच."

चुडामण मशीनच्या मागे वाकला. चौथ्या वायरीच्या टोकांवरची पट्टी त्याने सोलून काढली, टोकं पिळली, स्क्रूखाली घालून आवळली आणि एकदा ओढून पाहिली. कुणी सांगितलं नव्हतं. सुटलेली वायर तशीच टाकून उठायची त्याच्या हातांना सवय नव्हती, एवढंच. मग तो उठला, खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली आणि मांडवाच्या मागच्या बाजूने बाहेर पडला. सुपडूने हाक मारली नाही.

तो गिरणीपर्यंत आला असेल, तेव्हा चौथा भोंगा खरखरला.

"आमचे जिवाभावाचे दोस्त, निवृत्त इलेक्ट्रिशियन श्रीयुत चुडामणभाऊ," भोंगा म्हणाला, सुपडूच्या आवाजात, शुद्ध मराठीत, "यांना आग्रहाचं आणि नम्रतेचं निमंत्रण आहे. त्यांनी सहकुटुंब, सहपरिवार भोजनाला यावं. त्यांच्यासाठी व्याह्यांच्या शेजारचं पान राखून ठेवलं आहे."

चुडामण थांबला. चारही भोंगे एकदम बोलत होते. त्याने ते अशाच हिशेबाने बसवले होते की गावातल्या एकाही घराला आपण ऐकलं नाही असं म्हणता येऊ नये. खालच्या गल्लीत दुसऱ्या पंगतीसाठी थांबलेली माणसं दारात येऊन उभी राहिली होती आणि त्याच्याकडे बघत होती. पिठाच्या गिरणीतला माणूस हात झाडत बाहेर आला आणि म्हणाला, "नाना, उलटे कुठी चालले? तुमाले तिकडं बोलावून राह्यले."

उद्या गावात काय म्हणतील हे ऐकायला चुडामणला उद्यापर्यंत थांबायची गरज नव्हती. नाव घेऊन बोलावलं. माइकवरून बोलावलं. याह्याशेजारी पान मांडलं. तरी आला नाही, पोरीचं स्थळ गेलं म्हणून जळतो. सुपडूला माणसातलं कळायचं ते उगीच नव्हतं. गेलं तर सगळं मिटलं असं होणार होतं आणि नाही गेलं तर सगळं त्याच्या अंगावर.

भोंगा दुसऱ्यांदा बोलावत होता. या वेळी 'जिवाभावाचे' म्हणताना सुपडूचा आवाज दाटला. तोही भोंग्याने चोख पोचवला.

रेशन दुकानापासून सुनंदा लगबगीने येत होती. उन्हाने तिचं तोंड लाल झालं होतं, पण ती हसत होती. आबांनी बिघाड काढला होता. मागे ओट्यावर बेबाबाई उभी राहिली होती. तिच्या हातात कुलूप होतं, पण तिने ते दाराला लावलं नव्हतं. ती तिथूनच नवऱ्याच्या चालण्याकडे बघत होती.

"लागला, आबा," सुनंदा म्हणाली. "काय झालतं? वायर तुटली होती का?"

"नाही. सुटली होती."

"चाला ना मंग. तुमचं नाव घेऊन बोलावून राह्यले."

"मले नाही ऐकू आलं," चुडामण म्हणाला.

सुनंदाने त्याच्याकडे पाहिलं. ती थट्टा समजून हसणार होती, पण हसली नाही. "एवढ्या मोठ्यानं बोलून राह्यले, आबा. आत्ता, आत्तासुद्धा."

"दोन्ही कानांनी नाही ऐकू आलं," चुडामण म्हणाला. सुनंदाच्या डोक्यावर हात ठेवून तो जरा वेळ तसाच उभा राहिला आणि मग घराकडे चालू लागला. भोंगा तिसऱ्यांदा त्याचं नाव घेत होता.